डोळे उघडून देणारा रुद्रप्पा

बाळीवेशीतनं आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून एक अरुंद दुकान लागतं. वर पाटी, ‘रुद्र फोटो’. पाटीवरची अक्षरं उन्हानं पार उडालीत, पण ती वाचतंय कोण? मेलेल्या माणसाचा फोटो करायचाय एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही न विचारता तिथंच आणून सोडतो. उभ्या सोलापुरात मेलेल्याचे डोळे उघडावेत ते रुद्रप्पा मैंदर्गीनंच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घाबरू नका, फोटोतले डोळे. आता मोबाईलमुळं तान्ह्या लेकराचेसुद्धा ढीगभर फोटो असतात, पण रुद्रप्पा जवान होता तेव्हा खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांचा जन्मभर एकही फोटो निघालेला नसायचा. निघायचा तो गेल्यावर. रुद्रप्पाच्या लोकांत मयताला बसवून नेतात. भस्म लावून, माळा घालून, भिंतीला टेकवून बसवलं की घरातलं कुणीतरी धावत जाऊन फोटोवाल्याला घेऊन यायचं. तोच पहिला फोटो, तोच शेवटचा, आणि त्यात डोळे मिटलेले. असला फोटो घरात टांगायचा कसा? लेकरं भितात. मग तो रुद्रप्पाकडं यायचा. रुद्रप्पा कॉम्प्युटरवर गळ्यातल्या माळा काढायचा, नाकातला कापूस काढायचा, मागं निळा पडदा ओढायचा आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचा. घरचे फोटो न्यायला आले की दुकानातच हुंदके देऊन रडायचे. “जित्ती बसलीया की वो आमची आई!” असं म्हणत काच पदरानं पुसायचे. रुद्रप्पाला तेवढ्यानंच पोट भरल्यागत व्हायचं.

पण हे उघडे डोळे तो आणायचा कुठून? सगळी गोम तिथंच आहे. डोळे रंगवून होत नाहीत, कितीही हुशार माणूस असला तरी रंगवलेला डोळा मेंढराचा दिसतो. जिवंत माणसाच्या फोटोतले उचलूनच बसवावे लागतात. रुद्रप्पानं पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याचं लग्न नवं होतं. बायको सुंदरम्मा, अक्कलकोटाकडची, टपोऱ्या डोळ्यांची. नवा कॅमेरा बघायचा म्हणून त्यानं तिलाच स्टुलावर बसवून फोटो काढला. त्याच्याजवळ तेवढा स्वच्छ फोटो दुसरा नव्हताच. पहिल्याच कामाला त्यानं तिचे डोळे उचलले. बसले झक्कास! मग पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पुरुष असला तर भुवया दाट करायच्या, म्हातारी असली तर खाली सुरकुत्या ओढायच्या, बुबुळावर जरा धुरकट छटा द्यायची. कुणाला कधी पत्ता लागला नाही. बार्शीच्या आडत दुकानात, करमाळ्याच्या शाळामास्तरांच्या घरी, मैंदर्गीच्या भावकीत, जिथं जाल तिथं हारातनं सुंदरम्मा बघायची. तिला ते ठाऊक होतं आणि ती हसायची. “किती घरात मला नेऊन बसवलाव वो? एक बायको, तीबी वाटून टाकलाव!”

वर्षं गेली. मुलगा गुरु शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मिटलेल्या डोळ्यांचे फोटो येईनासे झाले. रुद्रप्पा पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सवर दिवस काढायला लागला. आणि मग एक नवंच खूळ आलं. जुन्या गिऱ्हाइकांची नातवंडं मोबाईल नाचवत यायला लागली. “काका, आमच्या आज्जीचा फोटो हलता करून द्या की! पुण्यतिथीला स्टेटसला ठेवायचाय. ती हसली पाहिजे, मान वळवली पाहिजे.” रुद्रप्पाचा कॉम्प्युटर बारा पावसाळे बघितलेला. साधा फोटो उघडायचा तर तो घरघरायचा, मधेच निळा पडायचा. हलता फोटो त्याच्या बापजन्मी होणार नव्हता. रुद्रप्पा सरळ सांगायचा, “मेलेलं माणूस बसलंय ते बरं हाय. हलवताव कशाला?”

एव्हाना सुंदरम्माची साखर डोळ्यांत उतरली होती. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी बत्ती मारून मारून बघितलं आणि रुद्रप्पाला बाजूला घेऊन सांगितलं, “मागची शीर वाळलीये. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळेल त्यांना.” रुद्रप्पाला ते पटेना. दुकानाच्या मागंच त्यांचं घर, मधे नुसता पडदा. पडद्याआड पलंगावर पडल्या पडल्या सुंदरम्मा त्याला ओरडायची, “री, कपाळाचं भस्म पुसलंय तुमचं.” नाहीतर, “री, च्या सांडला की शर्टावर.” ‘री’ म्हणजे कानडीतलं ‘अहो’, जन्मभर तिनं त्याला दुसरी हाक मारली नाही. तर एवढं जिला दिसतं ती आंधळी कशी? डॉक्टरालाच चष्मा लागलाय, असं म्हणून रुद्रप्पानं तो विषय मिटवला.

खरा त्रास वेगळाच होता. सुंदरम्माची झोप गेली. सुरुवातीला ती म्हणायची, “निद्दी बरंगिल्ला,” झोप येईना, आणि कूस बदलायची. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, सिद्धेश्वराला नवस झाला. काही लागू पडेना. गालाची हाडं वर आली, जेवताना हात कापायला लागला. एका दुपारी भाकरीचा तुकडा हातात धरून ती तशीच बसून राहिली आणि रडायलाच लागली.

“पापण्या मिटते की मी,” ती म्हणाली. “मिटूनबी दिसायचं थांबत न्हाय.”

“काय दिसतंय?”

“लोकांची घरं. सारखी, सगळी एकदम. कुणी जेवतंय, कुणी भांडतंय. त्या वीरभद्रप्पाच्या आईला आता गोदामात टांगलंय. समोर तुरीची पोती रचलीत. वरच्या पोत्याला भोक पडलंय, उंदीर येतंय, जातंय. मी किती बघू वो ते?”

रुद्रप्पा हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. अंगावर काटा आला तो आलाच. वीरभद्रप्पा म्हणजे बार्शीचा आडत्या. त्याच्या आईचे डोळे रुद्रप्पानंच उघडलेले. दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारणीच्या हवाली करून तो बार्शीच्या गाडीत बसला. खोटं ठरलं म्हणजे डॉक्टराला सांगता येईल की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, गोळी बदला. खोटंच ठरू दे, असं तो वाटभर म्हणत होता.

“या की मैंदर्गी!” वीरभद्रप्पानं त्याला गादीवर बसवलं. “आईचा फोटो? अहो, घर पाडून बांधायला काढलंय, म्हणून तिला गोदामात ठेवलीय. चला, दाखवतो.”

गोदामात तुरीची पोती छतापर्यंत रचलेली. समोरच्या भिंतीवर आई, सुकलेला हार घालून. सगळ्यात वरच्या पोत्याला भोक होतं आणि भोकातनं एक शेपूट आत ओढली गेली. रुद्रप्पा पोत्यांना वळसा घालून फोटोखाली गेला. त्यानं मान वर केली. म्हातारीचा चेहरा म्हातारीचाच होता, पण बघत होती सुंदरम्मा. जागरणानं जशी ती घरी बघायची तशीच. रुद्रप्पानं हात जोडले. वीरभद्रप्पाच्या आईला जोडले की आपल्या बायकोला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

घरी येऊन त्यानं चप्पल काढली, एक अक्षर बोलला नाही. सुंदरम्मानंच पलंगावरनं विचारलं, “हात काय जोडताव वो मला? मी काय मेले?”

रुद्रप्पा तिथंच खाली बसला. आपण हे काय करून ठेवलं, ह्या विचारानं त्याला गदगदून आलं. लोकांनी आपलं कौतुक करावं म्हणून बायकोचे डोळे भिंतीभिंतीला ठोकले आणि ते काही रात्री मिटायचे नाहीत, हे आपल्याला कधी सुचलं नाही. तिनं हात पुढं करून त्याचं डोकं चाचपलं.

“रडू नका. उघडलाव तुमी, मिटाबी तुमीच. मला झोपू द्या, एवढंच करा.”

आता मिटायचे कसे? घरोघर जाऊन ‘तुमच्या आईचा फोटो द्या, डोळे मिटून देतो’ म्हणालं तर लोक जोड्यानं मारतील. आणि मग त्याच्या डोक्यात आलं, नातवंडं तर आपणहून मागतायत. हलता फोटो. आज्जी हसेल, मान वळवेल, आणि शेवटी हळूच डोळे मिटून घेईल, दमून झोपल्यागत. कोण नको म्हणेल? फक्त त्याचा तो घरघरता डबा बदलायला हवा होता. रुद्रप्पानं तो रिक्षात घातला आणि नव्या पेठेत ताबीशकडं नेला.

ताबीशचं दुकान कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं. माणूस तिशी ओलांडलेला, तोंडात सतत बडीशेप, आणि गिऱ्हाइकाला फसवायचा कंटाळा असलेला. त्यानं झाकण काढलं आणि मागं सरकला. “अण्णा, ह्याच्यात झुरळांनी बिऱ्हाड केलंय की! वाचवायचं काय शिल्लक हाय ह्याच्यात?”

“प्रोसेसर बदल. बोर्ड लागला तर बोर्ड बदल. चांगला दे.”

“चांगला म्हणजे काय? आधी काम सांगा. लोक काय करतात, लाल-निळ्या दिव्यांचा बोर्ड बघून भाळतात, तो घरी नेतात आणि मग त्याच्यावर बसणारा प्रोसेसर हुडकत फिरतात. नक्को तसं. आधी काम, कामाच्या हिशेबानं प्रोसेसर, आणि तो ज्या सॉकेटात बसतो त्या सॉकेटाचा बोर्ड.”

रुद्रप्पानं काम सांगितलं. हलते फोटो. का ते सांगितलं नाही.

ताबीशनं दोन रस्ते मांडले. पहिला सोपा होता. हाच बोर्ड ठेवायचा आणि त्याच्या पिढीतला सगळ्यात दांडगा प्रोसेसर जुन्या बाजारातनं आणून त्यावर बसवायचा. विंडोज तीच राहील, फोटोचं सॉफ्टवेअर तेच राहील, साधं काम झरझर होईल. रुद्रप्पाचा जीव तिकडंच ओढला. त्या सॉफ्टवेअरवर त्याचा हात आंधळ्यासारखा चालायचा. कुठलं बटण कुठं, ते बोटांना ठाऊक होतं.

“आणि हलते फोटो?”

“ते नाही होणार. त्या प्रोग्रामला ज्या सूचना लागतात त्या ह्या पिढीच्या प्रोसेसरला कळतच नाहीत. कितीही दांडगा बसवा, प्रोग्राम उघडायच्या आधीच बंद पडणार. हलतं करायचं तर सगळंच नवं. प्रोसेसर नवा म्हणून बोर्ड नवा, बोर्ड नवा म्हणून रॅम नवी. जुनी विंडोज त्याच्यावर चढणार न्हाय, म्हणजे तुमचं जुनं सॉफ्टवेअर गेलं समजा. नवं शिकायला लागंल अण्णा, ह्या वयात.”

“शिकतो.”

“बघा हां. हट्ट बोलतोय का तुम्ही बोलताय?”

“सगळंच नवं दे म्हणतो की! तुला विकायचंय का न्हाय?” रुद्रप्पा एकदम ओरडला आणि मग स्वतःच ओशाळला. ताबीशनं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं.

मग ताबीश कपाटातनं एकेक डबा काढायला लागला. एक बोर्ड त्यानं दाखवला आणि लगेच बाजूला ठेवला. “हा स्वस्तातला. प्रोसेसरच्या बाजूला बघा, थंड करायच्या पट्ट्याच न्हाईत. तुमचं एकेक काम तासन्‌तास चालणार, हा तापून दम टाकंल.” दुसरा दिव्यांनी मढवलेला, तोही त्यानं नको म्हटला, दिव्यांनी काम होत नाही. शेवटी एक साधा, काळा बोर्ड निघाला. पट्ट्या जाड, रॅमला चार खाचा, पुढंमागं ग्राफिक कार्ड घालायला लांब खाच मोकळी. त्याला जोडीचा प्रोसेसर त्यानं असा निवडला की पडद्यावरचं चित्र तो स्वतःच दाखवेल, वेगळं कार्ड आत्ताच घ्यायला नको. “कार्ड नसेपर्यंत सगळं हाच ओढणार. वेळ लागंल, पण ओढंल. घोडा तुमच्या गाडीला बरोबर हाय.”

जोडणी झाली. जुन्या डिस्कमधले फोटो नव्यात उतरवायला घेतले तेव्हा पडद्यावर छोटे छोटे चौकोन भराभरा उमटत गेले, म्हातारे, म्हाताऱ्या, एक कोवळी पोर, पगडीवाला एक गौडा. ताबीश बडीशेप चघळायचा थांबला.

“अण्णा, ही सगळी एकाच खानदानाची माणसं हायत का?”

“न्हाय बा. कुणी बार्शीचं, कुणी करमाळ्याचं. जातबी एक न्हाय.”

“मग सगळी एकाच नजरेनं का बघतायत?” ताबीश खुर्चीवरनं डावीकडं सरकला, मग उजवीकडं. “अल्ला! सरकंल तिकडं बघतायत की.” त्यानं पडदा भिंतीकडं फिरवला आणि काम संपेपर्यंत तसाच ठेवला. निघताना त्यानं रुद्रप्पाला रिक्षापर्यंत सोडलं, जे तो कधी करत नसे.

घरी आल्यावर रुद्रप्पानं नव्या डब्याला भस्म लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं. ह्या धंद्यातली एक रीत होती, त्याच्या बापापासनं चालत आलेली. नवं मशीन आलं की पहिलं काम घरच्या मेलेल्या माणसाचं करायचं, गिऱ्हाइकाचं त्यानंतर. बापानं फोटो मोठे करायचा नवा एन्लार्जर आणला तेव्हा आज्याचा फोटो धुतला होता. पहिल्या कॉम्प्युटरवर रुद्रप्पानं आपल्या आईचे डोळे उघडले होते, सुंदरम्माचेच डोळे पहिल्यांदा तिथं बसले होते. तो फोटो कॉम्प्युटरच्या टेबलासमोर, खिळ्याला, आजही होता. रोज उदबत्ती लागायची. तेव्हा ह्या मशीनवरही पहिला मान आईचा, ह्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. रीत ती रीत.

नवा प्रोग्राम त्यानं चाचपडत उघडला. आईचा फोटो घातला. प्रोसेसर कामाला लागला, पंखा एकसारखा वाहायला लागला. बऱ्याच वेळानं आई हलली. ओठाची कड वर गेली. मान जराशी कलली. आई असंच करायची, भाजी आवडली की. आणि मग पापण्या खाली आल्या, सावकाश, आणि मिटल्या. खूप दिवसांचं काहीतरी देऊन टाकल्यागत त्याला हलकं वाटलं.

पडद्याआड काहीतरी घुरघुरलं. तो धावतच आत गेला. सुंदरम्मा झोपली होती! तोंड जरा उघडं, हात उशीखाली, लहान पोरीसारखी घोरत होती. रुद्रप्पा दारातच उभा राहून रडला. मग डोळे पुसले आणि येऊन कामाला बसला. हातात बळ आलं होतं. वीरभद्रप्पाची आई मिटली. करमाळ्याचे मास्तर मिटले. गौडा मिटला. ती कोवळी पोर मिटताना जरा हसली. ज्यांनी मागितला नव्हता त्यांचेही त्यानं केले आणि मोबाईलवर पाठवून दिले, वर लिहिलं, ‘माझ्याकडून भेट’. लोकांचे हात जोडलेले निरोप यायला लागले. एकीनं लिहिलं, ‘काका, भिंतीवरच्या फोटोतबी आज्जीची पापणी जड वाटायलीय, आमालाच भास होतोय का?’ रुद्रप्पानं पुढचा फोटो उघडला.

सुंदरम्मा अर्धवट झोपेतच उठायची, दोन घास खायची आणि परत झोपायची. असे काही दिवस गेले. तिच्या गालावर जरा रंग आला. शेवटचा फोटो मिटला त्या सकाळी ती पूर्ण झोप होऊन उठली आणि पलंगावर बसली.

“री,” तिनं हाक मारली. “लाईट गेलीय का?”

“न्हाय की. ऊन पडलंय चांगलं.”

“मग तुमी कुटं हाव?”

“हितंच. टेबलाजवळ.”

“दिसंना मला.”

“पडदा हाय की मधी,” रुद्रप्पा म्हणाला आणि त्याचे शब्द तोंडातच राहिले. पडदा तर रोजच असायचा. पडद्याआडनं तिला भस्म पुसलेलं दिसायचं, चहा सांडलेला दिसायचा. त्यानं हळूहळू मान वर करून समोरच्या भिंतीकडं बघितलं. त्याची आई जिथनं इतकी वर्षं त्याच्या टेबलाकडं बघत होती, तिथं पापण्या मिटल्यागत दिसत होत्या. डॉक्टराला चष्मा लागलेला नव्हता. डॉक्टर बरोबर होता. सुंदरम्माला तिच्या डोळ्यांनी कधीचं दिसत नव्हतं. घर दिसायचं, नवरा दिसायचा, ते त्या खिळ्यावरनं. आणि तेच त्यानं सगळ्यात आधी मिटवलं होतं, मान द्यायचा म्हणून.

त्यानं खूप खटपट केली. आईचा फोटो परत घेतला, डोळे परत बसवले, छापून नवी चौकट केली. ‘दिसतंय का?’ म्हणून पडदा ओढून ओढून विचारलं. कॉम्प्युटरवर डोळे उघडे दिसायचे, कागदावर उघडे दिसायचे, पण ते नुसते कागदावरचे होते. बघत कुणी नव्हतं. आई एकदा झोपली ती झोपली.

“जाऊ द्या की,” सुंदरम्मा म्हणायची. “झोप मागितली, झोप मिळाली. लई छान लागती.” पण दिवसभर ती भिंतीला हात लावत बसायची. रुद्रप्पा जवळ आला की त्याचा चेहरा बोटांनी चाचपायची, नाक, कान, गाल, आणि हात मागं घ्यायची. एकदा ती न राहवून म्हणाली, “झोपून उठायचं कशाला वो? उठून बघायला तुमी होता. आता काय बघू?”

त्या वाक्यानंतर रुद्रप्पाला अन्न गोड लागेना. तिला परत दिसायचं तर घरात मिटलेल्या डोळ्यांचा नवा फोटो हवा होता. उघड्या डोळ्यांवर दुसरे डोळे बसत नाहीत, हे त्याला जन्मभराच्या कामानं शिकवलं होतं. आणि तो घरच्या माणसाचाच हवा, कारण परक्याचं मयत कुणी आपल्या घरात टांगत नाही. असा माणूस आता घरात एकच उरला होता. गुरुला फोन करावा असं एकदा त्याला वाटलं, पण काय सांगणार? त्यानं ताबीशला बोलावलं.

“कॅमेरा चालवता येतो का?”

“बटण दाबता येतं की. का?”

रुद्रप्पानं त्याला सगळं सांगितलं, गोदाम, पोती, आईचा फोटो, सगळं. ताबीशच्या तोंडचं पाणी पळालं. “नक्को अण्णा. तौबा. जित्या माणसाचा असला फोटो? मला नका ह्याच्यात ओढू.” तो दारापर्यंत गेलासुद्धा. आतनं सुंदरम्माचा हात भिंतीवरनं सरकल्याचा आवाज आला, खर्र, खर्र. ताबीश थांबला, वळला आणि त्यानं कॅमेरा हातात घेतला.

रुद्रप्पानं अंघोळ केली. कपाळाला, दंडाला भस्माचे पट्टे ओढले. भिंतीला पाठ लावून मांडी घातली, जशी बसवतात तशी. गळ्यात बाजारातनं आणलेली माळ घातली आणि डोळे मिटले. “श्वास धर म्हणून सांगू नको,” तो म्हणाला. “मीच धरतो.” ताबीशनं बटण दाबलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

कॉम्प्युटरवर आपलं मयत रुद्रप्पानं वाकून बघितलं. बरंच खरं वाटत होतं. त्यानं नेहमीसारखी माळ काढली, भिंतीच्या जागी निळा पडदा ओढला. मग सुंदरम्माचा तो स्टुलावरचा जुना फोटो उघडला आणि शेवटचे म्हणून तिचे डोळे उचलले. नव्या सॉफ्टवेअरवर हात अजून बसला नव्हता, दोनदा चुकलं. भुवया दाट केल्या, खाली सुरकुत्या ओढल्या. छापलं, चौकटीत घातलं. आईच्या शेजारी खिळा ठोकून फोटो लावला, हार मात्र घातला नाही. झोपेच्या वेळी चौकटीवर टॉवेल टाकायचा, हेही त्यानं ठरवून टाकलं. एवढ्या एका घरातले डोळे तरी आपल्या हातात आहेत.

मग तो अंगात शर्ट अडकवून चौकटीसमोर उभा राहिला. भिंतीवरच्या रुद्रप्पानं खालच्या रुद्रप्पाकडं बघितलं. ताबीश पायरीवरनं मान वळवून बघत होता.

“री,” आतनं आवाज आला. “कसलं बटण तुटकं घेऊन हिंडताव वो? काढा तो शर्ट.”

सुंदरम्मा पडदा सारून बाहेर आली, भिंतीला हात न लावता. एका हातात सुई होती, दुसऱ्या हातात दोरा. शर्टाकडं तिनं बघितलं नाही, नवऱ्याकडंही नाही. ती सरळ फोटोखाली जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि सुई भिंतीवरच्या रुद्रप्पाच्या डोळ्यांजवळ नेऊन धरली. दोरा पहिल्याच झटक्यात सुईच्या नेढ्यात गेला.